एमटीतून रिटायर होऊन राहिलो, नागपुरात ट्रान्सपोर्ट लाइनमध्ये काय करू? हवालदार भाऊंना सविस्तर उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही एएससीत (फौजेच्या रसद-वाहतुकीच्या विभागात) ड्रायव्हर एमटी, म्हणजे फौजेच्या गाड्यांचा ड्रायव्हर, म्हणून भरती झाले, आता हवालदार, २४ वर्षं पूर्ण करून चार महिन्यांत घरी येणार, वय ४३, घर मौद्याकडे. मेहुणे म्हणतात कम्युटेशन (पेन्शनचा एकरकमी मिळणारा भाग) अन् ग्रॅच्युइटीचे पैसे टाका, दोघं मिळून ट्रक घेऊ, समृद्धी महामार्ग झाला आता पैसाच पैसा. वहिनी म्हणतात मॉलमध्ये गार्ड लागा पण रात्री घरी या. तुमच्या स्वतःच्या मनात एसटी नाहीतर कुठंतरी सरकारी ड्रायव्हरची जागा आहे. उमरेडचा कोणीतरी दोन लाख मागून राहिला, वेकोलित, म्हणजे सरकारी कोळसा कंपनीत, टिपर लावून देतो म्हणून. अन् शेवटी पुतण्या अग्निवीर आहे, त्याचं विचारलं.

मी पण फौजेतलाच, ईएमईतून (फौजेच्या गाड्या-यंत्रांच्या दुरुस्तीचा विभाग) नायब सुभेदार म्हणून निघालो, तेव्हापासून वाडीत ट्रान्सपोर्टमध्ये फ्लीट बघतो, अन् ड्रायव्हर-सुपरवायझरची भरती माझ्याच टेबलावरून जाते. म्हणून जे सांगतो ते माणूस कामावर घेणाऱ्याच्या बाजूनं सांगतो, नातेवाईक सांगतात त्यापेक्षा थोडं कडू लागेल.

मुद्द्याचं पहिले सांगून टाकतो. निदान पहिलं दीड-दोन वर्ष ट्रक घ्यायचा नाही. अन् नुसती ड्रायव्हरची नोकरी शोधत फिरायचं नाही. तुमची खरी किंमत स्टेअरिंगवर कमी आहे, दुसऱ्यांकडून गाड्या चालवून घेण्यात जास्त आहे, अन् नागपुरात त्याच कामाला माणूस मिळत नाही. ड्रायव्हर कमी आहेत हे सगळे बोलतात, पण रात्री दोन वाजता जालन्याच्या पुढे गाडी बंद पडली तर शांत डोक्यानं फोनवरून ती हलवणारा माणूस ड्रायव्हरपेक्षाही कमी आहे.

आता लायसन्स, कारण इथंच अर्धे लोक अडकतात. तुमचं आर्मीचं लायसन्स मोटार वाहन कायद्याच्या कलम १८ खालचं आहे. ते फक्त केंद्र सरकारच्या, संरक्षणाच्या कामाच्या अन् धंद्याशी संबंध नसलेल्या गाड्यांपुरतं चालतं. म्हणजे झोजिलावरून फौजेचा स्टॅलियन ट्रक नेलेला माणूस डिस्चार्जच्या दुसऱ्या दिवशी वाडीतून भाड्याचा छोटा हत्तीसुद्धा कायद्यानं चालवू शकत नाही, अन् चालवला अन् ठोकला तर इन्शुरन्सवाले हात वर करायला मोकळे. कलम १८ चं लायसन्स असलेल्याला त्याच वर्गाच्या गाडीसाठी ट्रायल लागत नाही अशी सोय कायद्यातच आहे, पण त्यासाठी युनिटकडून कोणत्या वर्गाच्या गाड्या चालवल्या त्याचं सर्टिफिकेट, ओरिजिनल लायसन्स, डिस्चार्ज बुकात तशी नोंद, सगळं जुळलं पाहिजे. नावाचं स्पेलिंग आधारवर वेगळं अन् डिस्चार्ज बुकात वेगळं असेल तर युनिटमध्ये असतानाच सुधारून घ्या, घरी आल्यावर रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करत बसाल. अर्ज सारथी पोर्टलवरून होतो. मौदा म्हणजे तुमचं काम ग्रामीण आरटीओत, एमएच-४० ला, शहराच्या ३१ किंवा पूर्वच्या ४९ ला जाऊन रांगेत उभं राहू नका.

ट्रान्सपोर्टचं लायसन्स पाच वर्षांचं असतं अन् त्याला डॉक्टरचा फॉर्म १-ए लागतो. डोळे आत्ताच तपासून घ्या, चाळिशीनंतर रात्रीची नजर कमी होते अन् आपल्याला कळतही नाही. हलक्या गाडीबद्दल एक चांगली गोष्ट झाली, नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं सांगितलं की ७५०० किलोच्या आतली ट्रान्सपोर्ट गाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते. म्हणजे पिकअप, छोटा हत्ती याला वेगळी नोंद नको. हेवीला मात्र हेवीच पाहिजे, त्यात काही सूट नाही.

आता मेहुण्यांचा ट्रक. हे जरा खोलात सांगतो कारण फौजी माणसाचे सगळ्यात जास्त पैसे इथंच बुडताना बघून राहिलो. समजा बॉडीसकट गाडी ४० लाखांत पडली. १५ टक्के म्हणजे ६ लाख तुम्ही टाकले, उरलेल्या ३४ लाखाचं कर्ज, १० टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता बसतो महिन्याला ७२ हजाराच्या वर. गाडी उभी असो की चालू, हप्ता तेवढाच. त्यावर इन्शुरन्स, नॅशनल परमिट, फिटनेस, टायर, ड्रायव्हरचा पगार अन् भत्ता, डिझेल, टोल. मेहुणे भाड्याचा आकडा सांगतील तो एका फेरीचा सांगतील. महिन्यात किती दिवस गाडी माल मिळायची वाट बघत उभी राहते ते नाही सांगणार, कारण त्यांना ते माहीतच नसतं.

अन् खरा खेळ आहे रिटर्न लोडचा, म्हणजे परतीच्या मालाचा. नागपूर मध्यात आहे हे खरं, श्रीनगर-कन्याकुमारीचा एनएच-४४ अन् सुरतकडून ओडिशाच्या पारादीपकडं जाणारा एनएच-५३ इथंच भेटतात, पण मध्यात असणं म्हणजे दोन्हीकडून माल मिळणं असं नाही. चंद्रपूरकडून सिमेंट आहे, भिलाई-रायपूरकडून लोखंड आहे, गोंदिया-भंडाऱ्याचा तांदूळ आहे, काटोल-वरुडची संत्री आहे पण ती आंबिया अन् मृग अशा दोन बहारांतच. या प्रत्येक मालाचे ठरलेले ट्रान्सपोर्टर आहेत, त्यांच्या स्वतःच्या गाड्या आधी लागतात, मग ओळखीच्या, अन् उरलं तर ब्रोकरमार्फत तुमची. नवीन माणसाला ब्रोकर पहिले दोन-तीन लोड चांगले देतो, सवय झाली की भाडं पाडतो. पेमेंट उधार, महिना-दोन महिने. डिझेल मात्र पंपावर रोख. हा मधला खड्डा भरायला तुमची पेन्शन जाते, अन् ती गेली की वहिनीचे दागिने.

समृद्धीबद्दल. नागपूर-शिर्डी ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, शेवटचा इगतपुरी-आमणे तुकडा ५ जून २०२५ ला, आता ७०१ किलोमीटर सलग आहे. भिवंडीची फेरी लवकर होते हे खरं. पण रस्ता चांगला झाला तो सगळ्यांसाठीच झाला ना भाऊ, सगळ्यांच्याच फेऱ्या वाढल्या, मग माल तेवढाच अन् गाडी मागणारे जास्त, अन् टोलचा बोजा वेगळा. ज्याच्याकडं ५० गाड्या अन् कंपनीशी कॉन्ट्रॅक्ट आहे त्याला फायदा झाला. एका गाडीवाल्याला काय झाला ते एक दिवस कापसीला किंवा पारडीला जाऊन उभ्या असलेल्या गाडीवाल्यांना चहा पाजून विचारा, मेहुण्यांना सोबत न्या.

दोन वर्षं लाइनमध्ये काम करून पार्टी (माल देणारा) कोण, ब्रोकर कोण, कुठल्या मार्गावर कुठल्या महिन्यात माल असतो हे डोळ्यानं बघितल्यावर गाडी घ्यायची असेल तर खुशाल घ्या, तेव्हा सेकंड हँड एक गाडी घ्या, नवीन नाही, अन् ज्या कंपनीत काम केलं तिथंच अटॅच करा. त्यावेळी मला विचारलं तर मी हो म्हणेन.

मग नोकरी कुठं. वाडी, गोंडखैरी, कापसी, बुटीबोरी, हिंगणा, मिहान या पट्ट्यात गोदामं अन् ट्रान्सपोर्टर भरलेत. २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून कंपन्यांना प्रत्येक राज्यात वेगळं गोदाम ठेवायची गरज राहिली नाही, म्हणून मध्यात मोठी गोदामं करायला लागले, त्यात नागपूरला चांगला वाटा मिळाला. या प्रत्येक ठिकाणी फ्लीट सुपरवायझर, ट्रॅफिक इन्चार्ज, प्लेसमेंट बघणारा (गाडी वेळेवर लोडिंगला लावणारा), कंट्रोल रूमवाला, यार्ड इन्चार्ज, मेंटेनन्सवाला लागतो. पगार सुरुवातीला बघून तुम्हाला हसू येईल, पेन्शन हातात आहे म्हणून तुम्ही तो सहन करू शकता, हाच तुमचा बाकीच्यांवरचा फायदा आहे. पहिलं वर्ष शिकायचं समजा, दुसऱ्या वर्षी कंपनी बदला किंवा वाढवून मागा.

तुम्ही म्हणाल मला काय येतं यातलं. एमटी हवालदार म्हणून सकाळी काय करत होते? कोणती गाडी कोणत्या टास्कला, ड्रायव्हर कोण, काल रात्रीचा ड्युटीवाला आज नाही पाठवायचा, वर्क टिकट भरलं का, किलोमीटर किती, तेल किती, व्हीओआर, म्हणजे बंद पडलेल्या, गाड्या किती अन् वर्कशॉपमधून कधी येणार. इथं हेच आहे, नावं दुसरी. वर्क टिकटच्या जागी ट्रिप शीट, व्हीओआरच्या जागी ब्रेकडाऊन रिपोर्ट, कॉन्व्हॉय कमांडरच्या जागी जीपीएसचा स्क्रीन. नवीन शिकायचं ते बिल्टी (ट्रान्सपोर्टरची मालाची पावती), ई-वे बिल (मालासोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद), फास्टॅगचा हिशोब अन् एक्सेल. ई-वे बिलाचंच घ्या, साध्या मालाला २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, गाडी रस्त्यात बंद पडली अन् मुदत संपत आली तर संपायच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंतच वाढवता येतं, ते राहिलं अन् चेकिंगला पकडली तर दंड मालकाला बसतो अन् शिव्या तुम्हाला. ज्यानं एकदा हे सांभाळलं त्याला मालक सोडत नाही. एक्सेल रिटायर व्हायच्या आधीच शिका, युनिटच्या क्लार्कला धरा, तो दोन रविवारात शिकवेल.

एक वेगळी लाइन सांगतो जी फार लोकांच्या लक्षात येत नाही अन् नागपूरला खास आहे, धोकादायक मालाची वाहतूक. स्फोटकं अन् पेट्रोलियमची सुरक्षा बघणारी केंद्राची संस्था, पेसो, तिचं मुख्यालयच नागपूरला सेमिनरी हिल्सला आहे. बाजारगावकडं स्फोटकांचे मोठे कारखाने, खाणींना रोज स्फोटकं लागतात, बोरखेडीकडून पेट्रोल-डिझेलचे टँकर निघतात, गॅसचे बुलेट टँकर आहेत. यासाठी लायसन्सवर धोकादायक मालाची वेगळी नोंद लागते, तीन दिवसांचा कोर्स असतो, नोंद तीन वर्षं चालते अन् रिन्यूला एक दिवसाचा रिफ्रेशर. गाडीत ट्रेम कार्ड ठेवावं लागतं, म्हणजे गळती झाली, आग लागली तर काय करायचं, कोणाला फोन करायचा ते लिहिलेलं कार्ड, अन् बाहेर पॅनलवर मालाचा नंबर. सिव्हिलमधल्या बऱ्याच ड्रायव्हरांना हे कार्ड म्हणजे कागदाचा कचरा वाटतो, डॅशबोर्डवर पाण्याच्या बाटलीखाली पडलेलं असतं. ज्यानं अॅम्युनिशनची गाडी नेली आहे, दोन गाड्यांत अंतर ठेवून, जिथं सांगितलं तिथंच थांबून, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पुलगाव डेपोचं लोडिंग केलेला एक माजी सैनिक आम्हाला मिळाला होता, महिनाभरात तो बाकी ड्रायव्हरांना लोडिंगची चेकलिस्ट शिकवून राहिला होता. या लाइनमध्ये सेफ्टी ऑफिसरच्या हाताखालचा माणूस, ड्रायव्हर ट्रेनर, टँकर यार्डचा इन्चार्ज अशा जागा निघतात, पैसे बरे मिळतात, अन् पेपरवर्क काटेकोर असल्यामुळं फौजी माणसाचा जीव रमतो. तुम्ही लाइनवर चालवणार नसले तरी तो तीन दिवसांचा कोर्स करून ठेवा.

कोळशाचं, म्हणजे उमरेडवाल्याचं. वेकोलिचं मुख्यालय नागपुरात, खाणी उमरेड, सावनेर, कामठी, चंद्रपूर, वणीकडं, अन् माजी सैनिकांसाठी कोळसा वाहतुकीची योजना खरंच आहे म्हणून या लोकांचं फावतं. योजना डायरेक्टोरेट जनरल रिसेटलमेंटची, डीजीआरची. कोळसा लोडिंग-ट्रान्सपोर्टची कंपनी निवृत्त अधिकाऱ्यांनी काढायची असते, अन् टिपर अटॅचची योजना शहिदांच्या पत्नी अन् सेवेत अपंगत्व आलेल्या जवानांसाठी आहे. तुम्ही धडधाकट हवालदार, तुम्ही त्यात बसतच नाही. जो बसतो त्याचा अर्जही डीजीआरकडंच जातो, उमरेडच्या चहाटपरीवरून जात नाही. त्याला एक रुपया देऊ नका अन् जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्याचं नाव सांगून या. पण त्या माजी सैनिकांच्या कोळसा कंपन्यांना माणसं लागतात, टिपर सुपरवायझर, वजनकाट्यावर, डिझेलवर, तिथं जरूर विचारा. खाणीच्या आत कामाला व्हीटीसी लागते, म्हणजे खाणीचं व्होकेशनल ट्रेनिंग. धूळ फार, कान खराब होतात, हे पण ऐकून ठेवा.

सरकारी जागा. आरक्षण आहे: केंद्रात गट क ला १० टक्के अन् गट ड ला २० टक्के, केंद्राच्या सरकारी कंपन्यांत १४.५ अन् २४.५, महाराष्ट्र सरकारात १५ टक्के समांतर. वयात पूर्ण सैन्यसेवा वजा करून वर तीन वर्षांची सूट, म्हणजे ४३ चे तुम्ही कागदावर १९ चे. दहावी पास अन् १५ वर्षं सर्व्हिस असेल तर केंद्राच्या गट क मधल्या बिगर-तांत्रिक पदवीच्या जागांनाही अर्ज करता येतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. एसटीला जड वाहनाचं लायसन्स, पीएसव्ही बॅज (प्रवासी गाडी चालवायचा बिल्ला), अनुभव अशा अटी जाहिरातीत असतात, त्यात अनुभव आर्मीचा धरतात की नाही ते प्रत्येक जाहिरातीत नीट वाचा. बॅजसाठी पोलिस व्हेरिफिकेशन लागतं, त्याला वेळ जातो, जाहिरात आल्यावर धावपळ करू नका, आधीच काढून ठेवा. रेल्वेचे तर मध्य अन् दक्षिण पूर्व मध्य असे दोन विभाग नागपूरलाच आहेत, माजी सैनिकांना गेटमन म्हणून कॉन्ट्रॅक्टवरही घेतात. अर्ज सगळे भरा, पण त्यांच्या भरवशावर घरी बसू नका. जाहिरात, परीक्षा, कोर्ट, निकाल यात वर्षं जातात, अन् दोन वर्षं घरी बसलेल्या माणसाला मी कामावर घेताना दोनदा विचार करतो.

वहिनींचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. २४ वर्षं त्यांनी एकटीनं घर ओढलं, आता लाइनवर जाऊन पुन्हा आठ-आठ दिवस गायब राहणार असाल तर भांडण ठरलेलं. रोज घरी यायचं असेल तर ट्रान्सपोर्टमध्येच बरंच आहे. शाळांचं बघा, स्कूल बससाठी राज्यात २०११ पासून वेगळे नियम आहेत, मोठ्या शाळांना बसांचा ताफा सांभाळायला ट्रान्सपोर्ट इन्चार्ज लागतो अन् पालकांना तिथं फौजी माणूस दिसला की बरं वाटतं. सकाळी पाचला सुरू, दुपारी मोकळे. कारखान्यांच्या स्टाफ बसा आहेत बुटीबोरी-हिंगण्याला. १०८ ची ॲम्ब्युलन्स आहे पण त्यात शिफ्ट असते. विमानतळावर रॅम्पवरच्या गाड्या चालवायला वेगळं एअरसाइड परमिट लागतं, तिथं एअरफोर्सच्या एमटीवाल्यांना झुकतं माप मिळतं, मेंटेनन्स कमांडच इथं असल्यामुळं त्यांची वायुसेनानगरकडून रांग लागलेली असते, तुमचा नंबर जरा मागं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर हाही मार्ग आहे, तुमच्याकडं संयम असेल तर. गार्डची नोकरी वाईट नाही, कोणी केली तर मी नावं ठेवत नाही, पण एमटीचा इतका अनुभव असलेला माणूस बारा तास गेटवर रजिस्टर लिहीत बसला की मला वाईट वाटतं.

आता जे कोणी सांगत नाही ते. फौजी माणूस सिव्हिलमध्ये ट्रान्सपोर्ट लाइनला टिकत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा काम नसतं, जीभ असते. गावात सगळे तुम्हाला मेजर म्हणतील, छान वाटेल, पण यार्डात तुम्ही कोणाचेच साहेब नाही. फौजेत सांगितलं की झालं. इथं ड्रायव्हरला आवाज चढवून बोलले तर तो चावी टेबलावर ठेवून समोरच्या ट्रान्सपोर्टकडं जातो, त्याला तिथं दुपारपर्यंत काम मिळतं अन् तुमची गाडी लोड होऊन उभी. हमालांची आपली पद्धत आहे, माथाडीचे आपले नियम आहेत, त्यांच्या जेवणाच्या वेळी लोडिंग होणार नाही म्हणजे नाही. ड्रायव्हर खोटं बोलेल, आजी वारली म्हणेल, मागच्या वर्षी पण वारली होती. डिझेलमध्ये गडबड होईल. तुम्ही पहिल्याच आठवड्यात चोर पकडायला निघाले तर सगळे तुमच्या विरोधात जातात, मालक पण, कारण त्याला गाडी हललेली पाहिजे. एखाद-दोन महिने नुसतं बघा, लिहून ठेवा, प्रत्येक गाडीचा ॲव्हरेज काढा, मग आकडे समोर ठेवून एकेकाशी एकट्यात बोला. चारचौघात नाही. अन् ड्रायव्हरला आधी विचारा जेवला का, मग विचारा गाडी कुठं आहे. लाइनवर हिंदीच चालते, तुमची फौजी हिंदी कामाला येईल, फक्त ऑर्डरचा सूर काढून टाका.

याच्या उलट एक गोष्ट आहे जिथं फौजी कडकपणा सोडायचा नाही, ती म्हणजे झोप. कागदावर मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा होता, दिवसाला ८ तास अन् आठवड्याला ४८, २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. लाइनवर असे नियम कोण पाळतो ते तुम्हीच बघाल. १ जुलै २०२३ ला नागपूरहून पुण्याला निघालेली खाजगी बस सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर उलटून पेटली, २५ माणसं गेली. सरळ सिमेंटचा रस्ता, वळण नाही, ढाबा नाही, रात्री तीन वाजता डोळा उघडा ठेवून माणूस झोपतो. टायर तापतात ते वेगळं. पार्टीचा फोन आला की गाडी सकाळी पोहोचलीच पाहिजे, अन् ड्रायव्हर कालपासून झोपलेला नाही, तर गाडी थांबवा. मालक ओरडेल. ओरडू द्या. ज्या मालकानं अशा गोष्टीवर तुम्हाला काढलं तिथं राहण्यात तसाही अर्थ नाही. २०२५ च्या १ ऑक्टोबरनंतर बनलेल्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, त्यानं थकवा थोडा कमी होईल, पण रस्त्यावर जुन्याच गाड्या जास्त आहेत.

बायोडाटा. माझ्याकडं येतात त्यात लिहिलेलं असतं, हवालदार, एएससी, अमुक बटालियन, शिस्तप्रिय, प्रामाणिक. एचआरच्या पोरीला यातलं काही कळत नाही. असं लिहा की इतक्या गाड्यांचा ताफा सांभाळला, इतके ड्रायव्हर हाताखाली, कोणत्या प्रकारच्या गाड्या, डोंगरात-बर्फात-वाळवंटात किती वर्षं, अपघात नसेल तर ते, गाड्यांची दुरुस्ती अन् तेलाचा हिशोब ठेवला. युनिटचं नाव अन् जागा लिहू नका, गरज पण नाही अन् योग्य पण नाही. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) आहे हे सांगा, कंपनीला बरं वाटतं. ओरिजिनल डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), लायसन्स कोणत्याही कंपनीत जमा करू नका, फोटोकॉपी द्या, सही केलेला कोरा चेक तर अजिबात नाही, अन् मागत असेल तर उठून या. घरी आल्या-आल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करून ओळखपत्र काढा. डीजीआरचे रिसेटलमेंट कोर्स रिटायर व्हायच्या आधी मिळतात, लॉजिस्टिक्सचा किंवा सप्लाय चेनचा कोणता उरला असेल तर चार महिन्यांतही विचारून बघा, ऑफिसनं नाव पाठवलं नाही म्हणून गप्प बसू नका.

राहिला पुतण्या. पहिली तुकडी डिसेंबर २०२२-जानेवारी २०२३ ला लागली, त्यांची चार वर्षं संपायला आली, म्हणजे ही पोरं आता बाजारात येणार. त्याला पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणून वर सांगितलेलं आरक्षण जसंच्या तसं त्याला लागू नाही. सेवा निधीचे साधारण ११ लाख ७१ हजार हातात पडतील, तेव्हा त्याच्याही दारात ट्रकवाला मेहुणा उभा राहील, त्याला आत्ताच सांगून ठेवा. पण त्याच्याकडं वय आहे, अन् ट्रान्सपोर्टमध्ये वयाला किंमत आहे. त्यानं पुढच्या सुट्टीत सिव्हिलचं एलएमव्ही लायसन्स काढायचं, कारण ट्रान्सपोर्टच्या लर्निंगसाठी एलएमव्ही किमान एक वर्ष जुनं लागतं, अन् बाहेर पडल्यावर काढायला गेला तर ते वर्ष फुकट जाईल. तो एमटीत नसेल, इन्फंट्रीत असेल, तरी हे करायला लावा. लर्निंगची परीक्षा आता घरून ऑनलाइन होते, पक्क्या लायसन्ससाठी मात्र ३० दिवस थांबून जावं लागतं, म्हणून एका सुट्टीत लर्निंग अन् पुढच्या सुट्टीत ट्रायल असं बसवावं लागेल, लर्निंग सहा महिने चालतं. तुम्ही रिटायर होऊन याल तेव्हा बायोडाटा घेऊन एखाद्या दिवशी सकाळी अकराच्या आत वाडीला चक्कर मारा, दुपारनंतर कोणताच ट्रान्सपोर्टवाला बोलायच्या मनःस्थितीत नसतो.